अर्ध्या दिवसाची रजा

जादूगाराचा सिनेमा बघायला जायचं म्हणून माझ्या नवऱ्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आता हिंजवडीची त्याची नोकरी दिवाळीआधीच गेली होती, ही गोष्ट वेगळी. पण सासऱ्यांची नुकती बायपास झालेली, त्यांच्या कानावर हे जाऊ द्यायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. कंपनीने घरूनच काम करायला सांगितलंय, अशी थाप मारली. मग वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये हा रोज इस्त्रीचा शर्ट घालून, हेडफोन लावून बेडरूममध्ये बसायचा आणि समोर कोणी नसताना मीटिंग घ्यायचा. कधी चक्क भांडायचा! रजेसाठी तर त्याने मॅनेजरची इतकी मनधरणी केली, की मलाच त्या नसलेल्या माणसाचा राग आला.

सिनेमातला जादूगार म्हातारा झालेला. हात थरथरतायत, कोटातून कबुतराची शेपटी बाहेर आलीय, आणि लोक आपले टाळ्या वाजवतायत. मी सासऱ्यांना म्हटलं, एवढं ढळढळीत दिसतंय तरी लोक फसतात कसे हो? ते नुसतं "बघू पुढे" म्हणाले आणि समोसा मागवला. मला मनातून आमचाच अभिमान वाटला. घरचा आमचा प्रयोग कसा बिनबोभाट चालला होता.

पुढच्या गुरुवारी नेहमीप्रमाणे लाइट गेली. वायफायही गेलं. याला कशाचा पत्ताच नाही, आतून "माझी स्क्रीन दिसतेय ना सगळ्यांना?" चालूच. सासरे हॉलमध्ये नेमके त्या बंद पडलेल्या राउटरखाली बसलेले. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या, तुमच्याकडेही लाइट गेलीय का म्हणून खणखणीत आवाजात विचारत. सासऱ्यांनी तोंडावर बोट ठेवून त्यांना दारातच थोपवलं.

"हळू बोला. मीटिंग चालू आहे त्याची."

"लाइट नसताना?"

"मोठी कंपनी आहे," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मग ते स्वयंपाकघरात आले. मी घाईघाईने मोबाइलचं नेट, लॅपटॉपची बॅटरी असं काहीबाही सांगू लागले. त्यांनी हातानेच थांबवलं. यंदा कंपनीचा दिवाळीचा मिठाईचा डबा आला नाही, तेव्हाच कळलं म्हणाले.

"त्याला मात्र सांगू नकोस. मला कळलंय हे त्याला कळलं, तर उद्या सकाळी तो उठेल कशासाठी?"

इतक्यात आतून याने वैतागून सांगितलं, जरा हळू बोला, इथे काम चाललंय.

"सॉरी हं," म्हणत सासरे चवड्यांवर चालत बाहेर गेले, आणि मला ओट्यापाशी रडू फुटलं.