खांद्यावरची केबल

माझ्या छातीत डाव्या बाजूला, कातडीखाली, काडेपेटीएवढं एक यंत्र आहे. हृदयाचा ठोका चुकला की ते हलकासा करंट देतं. पेसमेकर. रामवाडीत मी हे घराबाहेर कोणालाही सांगितलं नव्हतं. तिथे माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, आणि लोखंडाशी झटणाऱ्या माणसाला बॅटरीवर जगायची लाज वाटते. निदान मला तरी वाटते.

करंट वाहिला की त्याच्याभोवती विद्युतचुंबकीय क्षेत्र तयार होतंच, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. घरातल्या मिक्सरभोवतीही, मोबाइलभोवतीही. मिक्सरला घाबरायचं नाही, मोबाइल डाव्या खिशात ठेवायचा नाही. वेल्डिंग मात्र सोडा, म्हणाले. तिथला करंट एवढा मोठा, की यंत्र फसतं. त्या गोंधळालाच हृदयाचा ठोका समजतं आणि गप्प बसतं. मग डोळ्यांपुढे अंधारी, कदाचित त्याहून वाईट.

मग होल्डर, म्हणजे वेल्डिंगचा रॉड धरायचा चिमटा, माझ्या मुलीने हातात घेतला. कॉलेज करता करता ती माझ्याकडेच शिकली होती. गिऱ्हाइकांना मी सांगायचो, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. तीही बिचारी तेच सांगायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

मागच्या फाल्गुनात खांब गावात एका शेतकऱ्याच्या घरी गेट बसवायला गेलो. वालाची झोडणी आटपून घरची माणसं अंगणात बसली होती. मुलीने मशीन जोडलं, मी लांब पायरीवर बसलो. घरमालक माझ्याच वयाचा. तो हसत तिला म्हणाला, "काय गो, बापूस सावलीत नि तू उन्हात? बापसाला काम येत नाय व्हय?"

चेष्टाच होती ती. पण सगळे हसले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठलो, तिच्या हातातला होल्डर ओढून घेतला आणि जन्माच्या सवयीने त्याची केबल डाव्या खांद्यावर टाकली. मनगटावर वजन येऊ नये म्हणून आम्ही वेल्डर ती तशीच टाकतो. आता ती नेमकी यंत्रावर आली होती. रॉड लोखंडाला टेकवणार, तेवढ्यात मुलीने धावत जाऊन मेन स्विच पाडला.

"पप्पा, छातीत मशीन हाय तुमच्या! मरायचंय काय?"

घरमालक उठून उभा राहिला. "माफ करा, मला म्हाईत नव्हतं," म्हणाला. चूक माझी आणि माफी तो मागतोय, हे आणखीच झोंबलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

मुलीने केबल माझ्या खांद्यावरून उतरवली, मला अंगणाबाहेर आंब्याखाली नेऊन उभं केलं आणि काम सुरू केलं. एवढ्या लांबून मी तिला कधी नीट पाहिलंच नव्हतं. प्रत्येक टाका मारण्याआधी ती तोंडापुढची काच बाजूला करून वळायची. मी आहे तिथेच उभा आहे हे बघायची, आणि मगच रॉड टेकवायची.

दुकानातही ती रोज हेच करत होती. मला राहवेना म्हणून मी काम बघायला जवळ गेलो की तिचा हात थांबायचा. त्याला मी आळस म्हणायचो, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा.