बिनपापाचं लेकरू

रूथ टेबलावर, तिच्या नवऱ्याचं सॅम्पल ट्यूबमध्ये धुऊन तयार, आणि सासू दारात आडवी. धुळ्यातल्या माझ्या क्लिनिकमधली, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही सकाळ.

आययूआय म्हणजे फार काही नाही. नवऱ्याचे शुक्रजंतू स्वच्छ करून बारीक नळीने बायकोच्या गर्भाशयात सोडायचे. पण वेळ साधावी लागते. सोनोग्राफीत अंडं फुटायच्या बेतात दिसत होतं, आणि धुतलेलं सॅम्पल फार वेळ टिकत नाही. रूथ आठ वर्षं वाट बघत होती. ही वेळ चुकली असती तर पुन्हा महिना.

"सोनाअक्का, बाजूला व्हा," मी म्हटलं.

"डॉक्टरीनबाई, आदमपासून पाप पोटात उतरस. नळीतून व्हयेल लेकरूले ते कथाईन लागी?"

"नाही लागलं तर चांगलंच की."

"काय चांगलं? बिनपापना एकच व्हयना. तेले लोकेस्नी क्रूसवर खिळा ठोकात. मन्हा नातूले कोन वाचाडी?"

सिस्टर तोंडाला नॅपकिन लावून बाहेर पळाली. रूथ मात्र रडवेली. "अक्का हो म्हणेपर्यंत नको, मॅडम." शेवटी तिचा नवरा दानियल मास्तर लूना घेऊन सुटला आणि चर्चच्या पाळकांनाच घेऊन आला. ते दाढी करत होते. एका गालावर साबण तसाच.

मी घड्याळाकडे बघत सगळं समजावलं. पाळकांनी एवढंच विचारलं, "बी याचंच? कूस हिचीच?"

"हो. मी फक्त पोस्टमन."

ते अक्कांकडे वळले. "आईबाप आदमाचेच वंशज आहेत ना? मग पाप पोचणारच. नळीत काही ते गाळलं जात नाही."

"पक्कं?"

"पक्कं. पोर तुमच्या-माझ्याइतकंच पापी होईल."

अक्कांचा चेहरा असा खुलला, की मलाच भरून आलं. "मंग आम्हना बठ्ठास्ना मायक शे," म्हणजे आपल्या सगळ्यांसारखंच, असं म्हणत त्या दारातून हटल्या. पाच मिनिटांत काम झालं. पाळक उरलेली दाढी करायला गेले.

त्याच महिन्यात रूथला दिवस राहिले. मुलगी झाली. बाप्तिस्म्याला मला आग्रहाचं बोलावणं होतं. डोक्यावर पाणी पडताच पोरीने किंचाळून चर्च डोक्यावर घेतलं आणि पाळकांचा चष्मा ओढून खाली आपटला. अक्का पहिल्या बाकावरून माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू.

"उतरनं व्हो, डॉक्टरीनबाई," त्या म्हणाल्या. "बठ्ठं उतरनं."

तेव्हापासून आययूआयच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांना विचारते, घरात कुणाला काही शंका आहे का. नवरा-बायकोला नंतर. आधी सासूला.