डोकी मोजणारा कॅलिपर

कारखान्यात त्याला सगळे 'केसभर' म्हणत. कोणतंही माप हातात दिलं की तो म्हणायचा, "केसभर जास्त आहे," आणि ते असायचंच. चौदाव्या वर्षी त्याने कानस धरली. पुढची एकोणचाळीस वर्षं मापाची हत्यारं बनवली. त्याच्याकडून खोटं हत्यार कधी बाहेर गेलं नाही. हातातलं हत्यार खाली पडणं तर दूरच. लग्न राहून गेलं. घरात तो आणि थोरली विधवा बहीण, दोघंच. ताई धुलाईखान्यात इस्त्री करायची. तिची मुलगी सीमेपलीकडे नांदत होती.

त्या वर्षी माणसांची डोकी मोजण्याचा हुकूम निघाला. शाळेच्या एका खोलीत खुर्ची मांडली गेली. भुवयांच्या मधून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत लांबी, कानांच्या वर रुंदी, मग चेहऱ्याची उंची, नाकाची रुंदी. रुंदीला लांबीने भागायचं आणि माणसाला तीनपैकी एका गटात टाकायचं. गटाचा आकडा कार्डावर चढला की संपलं. तिसऱ्या गटाचं काम जाई, घर जाई आणि सीमा ओलांडायचा परवाना कायमचा बंद होई. पहिल्याच आठवड्यात पाववाला तिसरा निघाला. त्याचा सख्खा भाऊ दुसरा. पाववाल्याच्या दुकानाला कुलूप लागलं, आणि भाऊ त्या रस्त्याने जायचा बंद झाला.

मापाचा कॅलिपर वाकड्या पायांचा होता. दोन्ही टोकं मिटली की काटा शून्यावर यायला हवा. ते रोज सकाळी तपासायला कारखान्यातून केसभरला पाठवत.

रविवारी दुपारी त्याने शाळेतला तोच कॅलिपर घरी आणला.

"ताई, जरा बस."

"माझं डोकं मोजतोस? जन्मभर म्हणालास, हिला डोकंच नाही."

तो हसला नाही. तीनदा माप घेतलं. कागदावर भागाकार केला. मग आरशासमोर उभं राहून स्वतःचं घेतलं. एकाच साच्यातली दोघं. आकडा दुसऱ्या गटाच्या रेषेच्या किंचित खाली येत होता. तिसरा गट.

ताईने त्याचा चेहरा पाहिला आणि पदराला हात पुसले. "कितवी?"

"उद्याच परवान्याचा अर्ज टाक. लेकीकडे जा."

"परवान्याला तेरा दिवस लागतात. माझी मोजणी गुरुवारी आहे. तेवढं गणित मलाही येतं रे."

त्या दिवसापासून कामावर कुणी मागून हाक मारली तरी दचके. काटा शून्यापासून तीन मिलिमीटर पुढे सरकवला तर लांबी, रुंदी दोन्ही वाढतील, भागाकारही किंचित वाढेल आणि ताई रेषेच्या जेमतेम वर जाईल. हिशेब त्याने चारदा केला. कारखान्यातल्या कामगारांची पाळी सर्वांत शेवटी होती. स्वतःचं पुढचं पुढे.

गुरुवारी सकाळी त्याने काट्याचा स्क्रू सैल केला, काटा तीनवर ठेवला आणि स्क्रू हलकासा आवळला. मग रोजच्यासारखा तेलाचा थेंब, फडकं, टोकं मिटवणं, शेवटची नजर. कॅलिपर मोजणी करणाऱ्या डॉक्टरांच्या हातात दिला; त्याने दिलेलं शून्य ते कधी तपासत नसत.

ताई खुर्चीत बसली. डॉक्टरांनी आज मात्र टोकं मिटून पाहिली. "वा मिस्त्री! बरोबर शून्य."

त्याने काट्याकडे पाहिलं. फडकं फिरवताना, टोकं मिटवताना अंगठ्याने आपणहून काटा जागेवर आणला होता. एकोणचाळीस वर्षांची सवय. त्याला पत्ताही लागला नव्हता.

थंड टोक ताईच्या कपाळाला टेकलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"साहेब, थांबा. स्क्रू ढिला वाटतोय."

डॉक्टरांनी कॅलिपर त्याच्याकडे दिला आणि तिथेच, हातभर अंतरावर, उभे राहिले. कार्डं लिहिणारा कारकूनही मान वर करून बघू लागला. एवढ्या नजरांसमोर काटा कसा हलवणार? त्याने बोटं सोडली. कॅलिपर फरशीवर आपटला. त्याचा एक पाय वाकला.

"दुसरा आहे का?" डॉक्टरांनी कारकुनाला विचारलं.

"सगळे बाहेरगावच्या मोजणीला गेलेत, साहेब."

"मिस्त्री, आजवर किती हत्यारं पाडलीत?"

"हे पहिलंच."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग ताईकडे. पुन्हा त्याच्याकडे. "दुरुस्तीला किती दिवस?"

काम अर्ध्या तासाचं होतं. "चौदा," तो म्हणाला.

"ठीक. माझा कारकून समोर बसेल."

त्याच दुपारी ताईने परवान्याचा अर्ज टाकला. चौदा दिवस कारकून समोर बसला. काम उरकणं केसभरला येत होतं. ते लांबवणं कधी शिकला नव्हता. कॅलिपरचा पाय तापवायचा, निवू द्यायचा, केसभर वाकवायचा, पुन्हा तापवायचा. कानशीचे तीन हात मारायचे की भिंगातून बघायचं. हात सारखे पुढे धावत आणि तो ते मागे ओढी. संध्याकाळी खांदे असे भरून येत की सदरा काढवत नसे.

"मिस्त्री, माझी आजी याहून भराभर कानस मारेल," कारकून म्हणायचा.

"मग आजीलाच बोलवा." एवढंच तो म्हणे आणि भिंग डोळ्याला लावी. हा रोज जाऊन डॉक्टरांना काय सांगत असेल?

तेराव्या दिवशी परवाना आला. ताईने एक पिशवी भरली.

"तूही चल."

"मला कोण परवाना देतंय? आणि मी कामावरून उठलो की आज रात्रीच तुला सीमेवर अडवतील. नीघ."

ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग गेली.

चौदाव्या दिवशी डॉक्टरांनी ठरलेल्या मापाचा पोलादी ठोकळा कॅलिपरात धरून पाहिला. एकदा, दोनदा. तसूभर फरक नव्हता.

"धुलाईखान्यातली बाई आली नाही," कारकून म्हणाला.

"येणारही नाही," डॉक्टर म्हणाले. "मिस्त्री, खुर्चीत बसा."

तो बसला. हात मांड्यांखाली दाबून धरले. डॉक्टरांनी लांबीचा आकडा मोठ्याने सांगितला, त्या रविवारी आरशासमोर आला होता तोच, आणि कारकुनाने तो कार्डावर लिहिला.