रत्नागिरी–लंडन, मार्गे ओस्लो

"थेट जाऊन काय करणार?"

खिडकीच्या जाळीतून हा प्रश्न आला की नवखा प्रवासी गोंधळायचा. त्याने नुसतं विचारलेलं असायचं, मुंबईची गाडी कधी. रत्नागिरी स्टँडवरचे आमचे कंट्रोलर या प्रश्नाचं उत्तर कधी सरळ देत नसत. चष्मा कपाळावर चढवायचे, एक बोट हवेत गोल वळवायचे आणि म्हणायचे, "थेट गाडीला गर्दी मरणाची. ही लांज्याची लागलीय तिच्यात बसा, हातखंब्याला उतरा. मागून मालवणहून मुंबईची येत्येय. खिडकी मिळेल." आणि मिळायची.

मी तेव्हा कॉलेजात शिकवत होतो आणि दर शनिवारी हेदवीला घरी जायचो. चिपळूणचा वळसा घालून अख्खा दिवस गाडीत जायचा. महिनाभर त्यांनी हे पाहिलं आणि एका शनिवारी मला रांगेतून बाहेर बोलावलं. "मास्तर, शिकलेले ना तुम्ही? जयगडला जा, होडीने तवसाळला उतरा, पलीकडे गाडी असते." जेवायच्या वेळेला मी घरी. आईने त्यांना न बघताच आशीर्वाद दिला.

असा माणूस निवृत्त झाल्यावर काय करतो? तुमच्या ओळखीतले चार निवृत्त लोक आठवून बघा. मी काय म्हणतो ते कळेल. कंट्रोलरांचं नशीब बरं. आमच्या आळीतला बोटीवरचा एक फिटर सुट्टीवर आला, त्याने त्यांना विटेएवढं जाड पुस्तक आणून दिलं. जगभरच्या विमानांचं वेळापत्रक, भाडी आणि नियमांसकट. दुसऱ्या कोणाला असली भेट देणं म्हणजे थट्टा. यांनी त्याला खाकी कव्हर घातलं आणि रोज सकाळी आंघोळ करून ते वाचायला बसू लागले. विमानात कधी पाय ठेवलेला नव्हता, इंग्रजी बेताचं. पण दोन-तीन महिन्यांत युरोप त्यांना तोंडपाठ झाला. "फ्रँकफर्ट म्हणजे हातखंबा," ते मला सांगत. "सगळ्या वाटा तिथे फुटतात. रोम म्हणजे पाली धरा, त्याच्या पुढचा फाटा."

गावात बातमी पसरली. आमच्याकडचे एक मोठे वकील लंडनला निघाले होते, तेही सल्ल्याला आले. कंट्रोलरांनी त्यांना आखातात विमान बदलून जायचा निम्म्या भाड्याचा मार्ग काढून दिला. वकीलसाहेब दुखावले. "मी काय मधे उतरून गाडी बदलणारा माणूस वाटलो तुम्हाला?"

"साहेब, थेट आलेल्याला तिकडे कोणी हार घालत नाही."

वकील थेट गेले. आल्यावर त्यांचा नागरी सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, सव्वा तास भाषण झालं. त्यात लंडनबद्दल पाच मिनिटं होती. कंट्रोलर पहिल्या रांगेत बसून घड्याळ बघत होते.

मग आल्या भूगोलाच्या बाई. मुलींच्या शाळेत तीस वर्षं जग शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि तेवढ्या काळात पुण्याच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. लंडनच्या भाचीने राहायला बोलावलं होतं. फंडाच्या पैशांत लंडनला जाऊन यायचं भाडं बसत होतं, त्यापुढे फारसं काही नाही. बाईंनी चार घडीचा कागद कंट्रोलरांपुढे ठेवला. त्यावर रोम होतं, आल्प्ससाठी झुरिक होतं, समुद्र मागे हटवून केलेल्या शेतांसाठी ॲमस्टरडॅम होतं. आणि शेवटी, खाली रेघ मारलेलं, ओस्लो.

"तिथून फियॉर्ड बघायला जाता येतं," बाई म्हणाल्या. "दर वर्षी शिकवलं. आपल्या खाडीसारखीच, पण डोंगर अंगावर येतात. पोरी विचारायच्या, बाई, तुम्ही बघितलीत? एवढं एक राह्यलंय हो."

कंट्रोलरांनी चष्मा कपाळावर चढवला. नियम त्यांना पाठ होता. लंडनचं पूर्ण भाड्याचं तिकीट असलं की ठरावीक मैलांपर्यंत वाकडंतिकडं जायची मुभा असे. वाटेत हवं तिथे उतरा, राहा, पुढचं विमान धरा. जादा पैसा नाही. "म्हणजे मुंबई-लंडनला लागतात त्याहून थोडे जास्त मैल देतात, त्यात बसवाल तेवढी गावं तुमची," त्यांनी बाईंना समजावलं. पुस्तकात मैलांची मर्यादा होती, पण एका शहरापासून दुसऱ्याचं अंतर नव्हतं. त्याला त्यांच्याकडे इलाज होता. बाईंकडूनच, कशाला ते न सांगता, शाळेचा भिंतीवरचा जगाचा नकाशा मागवला, ओटीवर पसरला आणि मुभेच्या मैलांएवढा शिवणाचा दोरा कापून मोजायला घेतलं.

चार दिवस मोजत होते. पाचव्या दिवशी मला निरोप आला, बाई आधीच येऊन बसल्या होत्या.

"जाताना रोम, झुरिक, ॲमस्टरडॅम बसतंय. परतताना ओस्लो नाही बसत," कंट्रोलर खाली बघत म्हणाले. "तीनदा मोजलं. दोरा पुरत नाही. ओस्लो कापावं लागेल, बाई."

बाईंनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली. निघताना सहज त्यांची नजर ओटीवर गेली. तिथे नकाशा तसाच पसरलेला होता आणि दोरा टाचण्यांना अडकवून ठेवला होता.

"कंट्रोलर, तुम्ही ह्याच्यावर मोजलंत?"

"मग कशावर मोजू?"

"अहो, हा सपाट नकाशा! वर जाऊ तसा फुगत जातो. ह्याच्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं!" बाईंचा आवाज एकदम वर्गातला झाला. "माझ्या वर्गात असतात तर बाकावर उभं केलं असतं तुम्हाला."

"आमच्या एसटीच्या नकाशात काय फुगत नाही हो," कंट्रोलर पुटपुटले.

बाई तशाच रिक्षाने शाळेत गेल्या आणि पृथ्वीचा गोल मांडीवर घेऊन परत आल्या. मी गोल धरला, बाईंनी टोकं दाबली, कंट्रोलरांनी गोलाच्या मापाचा नवा दोरा ताणला. ओस्लो बसलं. वर चांगला बोटभर दोरा उरला. कंट्रोलर त्या उरलेल्या दोऱ्याकडे बघत म्हणाले, "वायच थांबा. ह्याच्यात कोपनहेगन बसतंय."

तिकीट काढायला आम्ही तिघे मुंबईला गेलो. विमान कंपनीच्या काचेच्या ऑफिसात टाय लावलेल्या एका मुलाने हसून सांगितलं की ओस्लोचे वेगळे पैसे पडतील. कंट्रोलरांनी पिशवीतून खाकी कव्हरचं पुस्तक काढलं आणि खुणेचं पान उघडून त्याच्यापुढे सरकवलं.

"हे फार जुनं आहे, काका."

"मग तुमचं नवं काढा. नियम हाच आहे का तेवढं सांगा."

मुलाने काढलं, वाचलं आणि तो आत गेला. आतून त्याचे साहेब आले. त्यांनी त्यांच्या यादीवरून मैलांची बेरीज केली, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. सगळं बसत होतं. त्यांनी आदराने विचारलं, "आपण कुठल्या एजन्सीचे?"

"रत्नागिरी स्टँड," कंट्रोलर म्हणाले.

बाई निघाल्यावर दीड-दोन महिन्यांनी कंट्रोलरांना नॉर्वेहून पोस्टकार्ड आलं. बाईंचं अक्षर फळ्यावरचं, ठसठशीत: "शिकवलं ते बरोबर होतं. पण इतकी शांतता असते, हे पुस्तकात नव्हतं. मुलींना आता कसं सांगू?" परतल्यावर त्यांनी ते सांगितलंच. शाळेने वर्गावर बोलावलं, आणि भाषण पस्तीस मिनिटांत संपवून त्यांनी प्रश्न घेतले. सत्कार वगैरे कोणी केला नाही. थेट गेल्या नव्हत्या ना.

कंट्रोलर जाऊन आता बरीच वर्षं झाली. विमानात ते शेवटपर्यंत बसले नाहीत, एकदा मी विषय काढला तर म्हणाले, "मी गेलो तर मार्ग कोण लावणार?" मला ते आठवतात ते मुंबईच्या विमानतळाच्या गच्चीवर. नुकतं उजाडत होतं. बाई आत गेल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा विमान इतक्या जवळून बघत होते, पण बघत होते घड्याळाकडे. "बारा मिनिटं लेट," ते म्हणाले. "ड्रायव्हर नवीन असेल." मग विमान हललं. कंट्रोलर ताठ उभे राहिले आणि त्यांनी गच्चीच्या लोखंडी कठड्यावर अंगठीने, कंडक्टर गाडी सोडताना देतो तसं, दोनदा ठोकलं. टण टण.