आमसुलांखालचा फळा

परवा रविवारी संगमेश्वरजवळ आमच्या सरांकडे गेले होते. कॉलेजात मला गणित शिकवलेले सर, रिटायर होऊन आता गावीच असतात. खळ्यात पाऊल टाकलं आणि थबकलेच... पडवीतला त्यांचा फळा आडवा घातलेला आणि त्यावर काकींची, म्हणजे सरांच्या बायकोची, आमसुलं वाळत पडलेली.

हे माझ्यामुळे झालंय, ते तिथेच कळलं.

त्या फळ्यावर कित्येक वर्षं एकच कोडं होतं. घराच्या वरच्या कुणग्यातून, म्हणजे भाताच्या वाफ्यातून, खालच्या विहिरीपर्यंत, मागे न फिरता, शेताच्या बांधांवरून उतरायचे रस्ते किती? त्याचं आटोपशीर सूत्र सरांकडे होतं. आणि शेजारी एक लांबलचक बेरीज, जिचा त्या रस्त्यांशी काही संबंध दिसत नव्हता. तरी कुणगे कितीही घ्या, दोन्हींचं उत्तर एकच यायचं. असं का, हे सर शोधत होते. रविवारी फोन करायचे, नवीन काही सुचलं की सांगायचे, फसलं की तेही हसत सांगायचे.

आता माझं कामच कॉम्प्युटर अल्जिब्राचं. असल्या बेरजा, स्पेशल फंक्शन्सची, म्हणजे गणितातल्या खास फलनांची, सूत्रं मी कॉम्प्युटरकडून सिद्ध करून घेते. मागच्या खेपेला काकींनी चहा ठेवला, मी लॅपटॉप उघडला, बेरीज टाईप केली... चहा येईपर्यंत सिद्धता तयार. मोठ्या कौतुकाने स्क्रीन सरांपुढे धरला.

"वा, भारीच की," एवढंच म्हणाले. मी खूश होऊन रत्नागिरीला परतले. त्यानंतर रविवारचे फोन बंद झाले. मला वाटलं, आंब्याच्या गडबडीत असतील.

"फळा काढलात सर?" परवा मी विचारलं.

"सिद्ध झालं ना गो बाय. मग आता काय लिहायचं त्याच्यावर?" आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, "तुझ्या कॉम्प्युटरने सिद्धतेत एक अपूर्णांक दिलान होता ना, तो घालून मी हाताने ताळा करून बघितला. चोख आहे. दोन्ही बाजू सारख्या, यात शंकाच नाय. पण का सारख्या, ते त्यात कुठे दिसत नाय."

ते खरंच त्यात नसतं. मशीन खात्री देतं, कारण देत नाही... हे मी वर्गात दरवर्षी सांगते. आणि माझ्याच सरांपुढे विसरले. त्यांनी मला उत्तर मागितलंच नव्हतं. नुसतं 'बघ' म्हणाले होते.

फार वाईट वाटलं. दिलेलं उत्तर परत कसं घेणार?

आल्यापासून मी कागदावर कुणगे काढून बसते. लॅपटॉप बंद. अजून काही जमलेलं नाही. काल मीच फोन केला आणि कुठे अडलेय ते सांगितलं. सर म्हणाले, "विहिरीकडनं उलट मोजून बघितलंस?"

फोन ठेवण्याआधी मागून काकींचा आवाज आला, "आता हो कुठे निघालात? आमसुलं सुकली नायत अजून..."