घट बसल्यावर रक्त काढत नाहीत

माझं एक आहे, भीती वाटली की मी लगेच धार्मिक होते. उजवीकडची खालची दाढ भाद्रपदात ठणकायला लागली तेव्हा नवऱ्याला म्हटलं, आज सोमवार, माझा उपवास आहे. मग शनिवारी दाताला हात लावू नये असं आठवलं, मग पितरांचा पंधरवडा लागला. नवऱ्याला सकाळी दुधाच्या टेम्पोची घाई असते, तो वाद घालत बसत नाही. असं करत करत घट बसले, आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. आता दसऱ्यापर्यंत मला कोणी हलवणार नव्हतं.

दुसऱ्या माळेलाच सासूबाईंनी माझा गाल पाहिला. "संगमनेरला जाऊन ये की. दिव्यापाशी मी बसते."

माझ्या तोंडून पटकन निघालं, "घट बसल्यावर अंगातून रक्त काढत नाहीत, आत्याबाई."

आमच्या घरात संध्याकाळी देवीची पोथी मी वाचते. सासूबाईंना वाचता येत नाही, त्यामुळे मी सांगेन ते पोथीतलंच असणार, असा त्यांचा सरळ हिशोब. "व्हय का? आमाला कुनी सांगितलंच न्हाई," म्हणाल्या आणि शेजारी सांगूनही आल्या. शेजारच्या काकूंनी त्या आठवड्यातली साखरेची तपासणी पुढे ढकलली. मला हसू आलं, पण तोंडाच्या एकाच बाजूने.

मला दाताच्या दवाखान्याचं भय आहे ते दुखण्याचं नाही. दोन बाळंतपणं ओरडा न करता काढली आहेत मी. पण लहानपणी पारनेरला माझी दाढ काढली तेव्हा वडिलांनी हात धरले होते, चुलत्यांनी पाय, आणि डॉक्टर म्हणत होते, झालं, झालं, आणि होत तर काहीच नव्हतं. सगळे माझ्या भल्यासाठीच धरून होते. तेव्हापासून त्या खुर्चीचा नुसता विचार आला तरी तळहात ओले होतात. भाकरी थापताना, पोरांचे डबे भरताना छाती मधेच धडधडायला लागते. लोक सांगतात, मोठा श्वास घे, चार पावलं फिरून ये. श्वास घेतेच की. पण श्वास सोडला की दाढ जागच्या जागी असतेच.

पाचव्या माळेला साबुदाणा गिळेना. लवंग धरून झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या संपल्या. सहाव्या दिवशी सकाळी चूळ भरायला गेले तर तोंड बोटभरच उघडलं. आरशात पाहिलं, जबड्याची कड कुठे दिसतच नव्हती, सूज गळ्याकडे उतरली होती. थुंकी गिळताना कळ थेट कानात जायची. मला वाटलं, मी आता या न्हाणीतच मरते. पोरं शाळेला निघाली होती. धाकटी म्हणाली, "आई, तू अशी का बोलतेस?" तिला काय सांगणार?

मी सासूबाईंकडे गेले. त्या घटाला पाणी शिंपडत होत्या. सात धान्यांचे कोंब वीतभर वर आले होते. मी म्हटलं, दवाखान्यात जायचं.

"आजून तीन माळा ऱ्हायल्यात," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "तूच म्हनालीस ना पोरी, रक्त काढत न्हाईत. देवी कोपली म्हंजे? कळ काढ जरा. मी बी तुझ्यासाठी खडा उपवास धरलाय कालपास्नं."

माझ्यासाठी त्या म्हाताऱ्या बाईने पाणीही सोडलं होतं. समोर दिवा तेवत होता, देवी बसलेली होती. मला वाटलं, गप्प बसावं. गप्प बसले तर जायला लागणार नाही. इतक्या कळेतही माझ्या मनाने हा हिशोब केला, याची मला अजून चीड येते.

"पोथीत तसं कायबी न्हाई," मी अडखळत म्हटलं. "मला भ्या वाटत हुतं. मी माझ्या मनानं सांगितलं."

त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, दोन घोट प्यायल्या. मग शेजारच्या काकूंना दिव्यापाशी बसवलं, नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं आणि माझ्या डोक्यावर स्वतःची शाल टाकली. टेम्पोत दुधाच्या रिकाम्या कॅनांचा खडखडाट चालला होता. प्रत्येक खड्ड्याला मी देवीची माफी मागत होते, आणि टेम्पो बंद पडू दे, असंही म्हणत होते.

संगमनेरच्या डॉक्टरबाई माझ्यापेक्षाही लहान वाटल्या. म्हणाल्या, "आज दाढ काढत नाही. आतला पू काढायला हवा, तो काढल्याशिवाय तुमचं तोंड उघडणार नाही. तुम्ही डावा हात वर केला की मी थांबेन." मी मनात म्हटलं, हे सगळेच म्हणतात. दिवा लागला आणि मी हात वर केला. बाई थांबल्या. सुई जवळ आली, मी पुन्हा हात वर केला. पुन्हा थांबल्या. हातातलं ठेवून दिलं त्यांनी आणि नुसत्या बसून राहिल्या. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्याही पुढे आल्या नाहीत. मला कोणीच धरत नव्हतं. मी रडायला लागले, घाणेरडी, नाक गळत, आणि तरी कोणी धरलं नाही. मग माझा हात दुखायला लागला म्हणून मीच तो खाली घेतला.

दुखलं. भरपूर दुखलं. मधे एकदा मी हात वर केला तेव्हाही बाई थांबल्या.

बाहेर आल्यावर तोंडात कापूस होता आणि दाढ अजून तिथेच होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, सूज उतरली की पुढच्या गुरुवारी या, ती काढून टाकू. मी मनातल्या मनात पंचांग चाळायला लागले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता त्यात, त्या खरंच विचारत होत्या.

"गुरुवारी काय असतं गं?"

मी कापूस सावरला आणि म्हटलं, "कायबी नसतं, आत्याबाई."