पट्टीवरचा पिवळा ठिपका

निगडीच्या एका लॅबमध्ये मी रिपोर्टच्या काउंटरवर बसते. फार प्रश्न विचारणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. त्या दुपारी चाकणच्या कंपनीच्या निळ्या युनिफॉर्ममधले एक काका बायकोला घेऊन आले. काकूंच्या हातावरच्या डागाचा तुकडा आमच्याकडे तपासायला होता.

मी म्हटलं, "ही कॅन्सरच्या आधीची पायरी आहे की तो आत शिरलाय, ते नक्की कळेना. म्हणून तुकड्याला खास मार्कर, म्हणजे एक रंग, लावून बघतायत. दोन दिवसांनी या."

"म्हंजे आमच्यासारखंच," काका म्हणाले. "आमीबी कास्टिंगला, म्हंजे वतीव पार्टला, रंग लावून पुसतो. भेग आसंल तिथं लाल रेघ उमटती. वरवरची आसली तर घासून पास. आत गेली आसली तर..."

त्यांचा अंगठा काकूंच्या मनगटावर हळूच फिरत होता.

"तर काय?" काकूंनी विचारलं.

काकांनी खिशातून पिवळ्या रंगाचं पेन काढलं. पास झालेल्या मालावर खूण करायचं ते पेन. काकूंच्या हातावर तुकडा काढला तिथं बांधलेल्या पट्टीवर त्यांनी एक ठिपका दिला.

"अहो, रिपोर्ट यायचाय अजून!"

"व्हय," काका म्हणाले. "बावीस वर्षांत न तपासता पास केलेला ह्यो पयलाच."